माउस तर चालतोय!

संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका उगवला आणि आमच्या घराची झोप उडाली. ठिपका होता टाचणीच्या डोक्याएवढा. त्यावर गेलं की 'नवीन सुधारणा उपलब्ध आहे' असं वाक्य उघडायचं आणि त्याखाली दोन बटणं दिसायची. एक 'आत्ता', दुसरं 'नंतर'. शहाणा माणूस 'नंतर' दाबतो आणि सुखाने जगतो. पण मी नोंदणी कचेरीत केस पिकवलेला माणूस. टेबलावर एक कागद जरी प्रलंबित राहिला तरी मला अन्न गोड लागत नाही. तो ठिपका मला दिवसभर खुणावत राहिला, आणि शेवटी संध्याकाळी मी 'आत्ता' दाबलं.

आता हा संगणक माझा असता तर मी काय वाटेल ते दाबलं असतं, कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. पण तो नेमका माझ्या बापाचाच होता.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, आणि जिभेने जी दडी मारली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. कळायचं मात्र सगळं. मग मी त्यांच्या जुन्या संगणकावर एक चित्रफळा बनवला. पेला, कप, पंखा, खिडकी, पांघरूण, न्हाणीघर, रेडिओ, मग 'हो', 'नाही', 'दुखतंय', 'बस झालं'. बाबांनी डाव्या हाताने माउस सरकवून चित्रावर बाण न्यायचा आणि बटण दाबायचं, की संगणक बोलणार. आवाज माझाच भरलेला होता. माझा आवाज मुळात सूचना वाचून दाखवायच्या कामाचा, त्यामुळे "मला पाणी हवं आहे" हे वाक्यसुद्धा घरात जाहीर झाल्यासारखं वाटायचं. ज्या माणसाने जन्मभर माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, तो आता माझ्याच आवाजात माझ्याकडे पाणी मागत होता. बायको म्हणायची, "एक तुम्ही पुरे होतात की, आता पेटीतूनही तुम्हीच!"

फळ्यावर एक बटण ताईसाठी होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती दुसऱ्या गावाला असते आणि दर आठवड्याला बाबांना फोन करते. ती बोलायची आणि पलीकडे नुसती शांतता. मग मध्येच घाबरून विचारायची, "बाबा, आहात ना?" म्हणून मी कानाचं चित्र काढून खाली 'ऐकतोय' असं लिहिलं. तेव्हापासून ताई तासभर आपल्या सासूबद्दल बोलायची आणि बाबा अधूनमधून बटण दाबायचे. "ऐकतोय." संसारातल्या पुरुषाला याहून जास्त शब्द लागतात असं मला तरी वाटत नाही.

हा संगणक लिनक्सवर चालायचा. आमच्या कचेरीत एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो, त्यांनी तो बसवून दिला होता. जुन्या यंत्राला तोच मानवतो, असं त्यांचं म्हणणं. त्या लिनक्सचा जो गाभा, म्हणजे ज्याच्या जिवावर पडदा, कळफलक, माउस सगळे नांदतात, त्याला कर्नल म्हणतात. मी 'आत्ता' दाबल्यावर तो कर्नलच बदलला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण काम झाल्यावर संगणकाने नम्रपणे विचारलं, 'जुनी आवृत्ती काढून टाकू का?' म्हणजे माझ्या मर्मावरच बोट ठेवलं. निकाली निघालेली फाइल मी घरात ठेवीन? मी 'हो' म्हटलं. परतीची वाट अशी स्वतःच्या हाताने बुजवून मी समाधानाने जेवलो. पडद्यावरचा ठिपकाही गेला होता.

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे खुर्चीत बसले. त्यांनी माउसवर हात ठेवला, फळ्याकडे बघितलं आणि माउस सरकवला. बाण हलला नाही. त्यांनी पुन्हा सरकवला. मग माझ्याकडे बघितलं.

मी गेलो, माउस हातात घेतला, दोनदा टिकटिक केली. बाण पडद्यावर हुंदडायला लागला.

"चालतोय की!" मी म्हटलं. बाबांचा हात उचलून पुन्हा माउसवर ठेवला, बोटं नीट बसवली, मनगटाखाली घडी घातलेला रुमाल सारला. बाबांनी माउस सरकवला. बाण ढिम्म.

मी घेतला, चालला. त्यांना दिला, बंद. असा आमचा खेळ बराच वेळ चालला, आणि शेवटी बाबांना हवं होतं ते पाणी नव्हतं तर न्हाणीघर होतं हे आम्हाला उशिरा कळलं. खुर्चीवरची चादर बदलताना बायको एक शब्दही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

दुपारी मी नवा माउस आणला. तोही तसाच. वायर दुसऱ्या खाचेत घालून बघितली, तिसऱ्या खाचेत घातली, टेबल पुसलं. मग बातमी जिन्यातून फिरली आणि सल्लागार यायला सुरुवात झाली.

पहिले आले समोरचे बँकवाले काका. त्यांचा प्रत्येक यंत्रावर एकच इलाज. "बंद करा, मनात दहापर्यंत मोजा, चालू करा." तसं केलं. मग त्यांनी माउस मुठीत धरला, टिकटिक केली, बाण गरागरा फिरवला. "अहो, माउस तर चालतोय!" असं म्हणून त्यांनी बाबांकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बरे आहेत ना तसे?"

मग वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक आले. ते काय शिकवतात हे मला अजून कळलेलं नाही, पण बोलतात सगळ्यावर. त्यांनी आधी टेबलाच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकला, मग मानवाच्या यंत्रशरणतेवर. माउसखाली घालायला एक जाडजूड पुस्तक मागवलं, त्यावर माउस ठेवला, टिक केलं, बाण हलला. "बघा, पृष्ठभाग!" ते म्हणाले. बाबांनी त्याच पुस्तकावर माउस सरकवला, बाण हलला नाही. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही जरा मनाची तयारी ठेवा," मला दारापाशी नेऊन त्यांनी सांगितलं. पुस्तक मात्र माझं असून ते बरोबर घेऊन गेले.

सर्वज्ञांनी फोनवरच निदान केलं. "जुना कर्नल निवडून चालू कर, एका मिनिटात काम."

"जुना मी काढून टाकला."

"का?"

"जागा अडवून बसला होता."

"तू कधी सुधारणार नाहीस," ते म्हणाले, आणि मला एका मंचाचा पत्ता दिला. जगभरचे लिनक्सवाले तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात म्हणे.

आता कचेऱ्यांचा मला अनुभव आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी लोकांना पुष्कळ हेलपाटे घालायला लावले आहेत. पण या मंचापुढे आमची कचेरी म्हणजे धर्मादाय संस्था. मी माझ्या फोनवरून अडचण सविस्तर लिहिली, वडिलांच्या प्रकृतीपासून सुरुवात करून. उत्तर आलं, 'चुकीचा विभाग.' दुसऱ्या विभागात लिहिली. 'यंत्राची माहिती जोडलेली नाही.' माहिती जोडली. 'माहिती योग्य नमुन्यात नाही.' नमुना शोधून त्यात बसवली. मग एकाने विचारलं, 'माउस तुमच्या हातात चालतो का?' मी प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. लगेच निकाल लागला: 'माउस चालतो आहे. अडचण वापरणाऱ्याची. हा विषय बंद करत आहोत. असे प्रश्न याआधी आले आहेत, लिहिण्यापूर्वी शोधायची सवय लावा.'

सवय लावा! ज्याने आजवरच्या नोकरीत एकही अर्ज अपुरा म्हणून परत येऊ दिला नाही, त्याला सवय लावा! मी फोन बाजूला टाकला आणि त्या मंचाचं पुन्हा तोंड बघणार नाही असं बायकोला सांगितलं. ती घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मला वाटतं त्या माउसला काहीच झालेलं नाही."

हे मलाही चार दिवसांपासून वाटत होतं. फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं.

डॉक्टर आले. त्यांनीही आधी माउस हातात घेऊन टिकटिक केली, बाण हलवला, मग बाबांची बोटं तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. बाबांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. त्यांच्या घशातून काहीतरी खरखरीत आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही. "या आजारात असं होतं," बाहेरच्या खोलीत येऊन डॉक्टर म्हणाले. "माणूस बरेच महिने एका पायरीवर असतो आणि मग एकदम खालच्या पायरीवर जातो. काय करायचं आणि कसं करायचं, यातला दुवा तुटतो." बाबा दिवसभर माउस ढकलत राहतात, टेबलाच्या कडेपर्यंत नेतात, परत आणतात, पुन्हा ढकलतात, हे मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हाताची सवय. त्यात अर्थ शोधू नका."

मग ताई बॅग घेऊन आली. ताई आली की निर्णय होतात. बायकोची पाठ धरली होती, माझी रजा संपत आली होती, आणि बाबांना काय हवं ते कुणालाच कळत नव्हतं. ताईच्या ओळखीने एका शुश्रूषागृहात खाट रिकामी असल्याचं कळलं. तिथून एक बाई तपासणीला आल्या. अतिशय गोड बोलणाऱ्या. त्यांनी बाबांसमोर बसून, आपण बालवर्गात बोलतो तसं विचारलं, "आजोबा, पेला कुठाय? पेल्यावर न्या बरं बाण!" बाबांनी माउस सरकवला. बाण जागचा हलला नाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. "राहू दे, राहू दे हं," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या गालाला हात लावला. माझ्या वडिलांच्या गालाला कुणी हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार असं ठरलं.

हे सगळं आम्ही कुठे बोललो? बाबांच्याच खोलीत. त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसून. ताई म्हणाली, "पण त्यांना तिथे करमेल का रे?" आणि मी, त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करता करता म्हणालो, "खरं सांगू का ताई, ते आता आपल्यात नाहीतच. कळण्याच्या पलीकडे गेलेत. इथे काय नि तिथे काय, त्यांना सारखंच." बायको म्हणाली, "खोली मोकळी झाली की आधी भिंतींना रंग काढू, वास बसलाय." बाबांचं तोंड खिडकीकडे होतं. डावा हात पांघरुणावर पुढे मागे, पुढे मागे सरकत होता. आम्ही तिघांनी तो बघितला आणि ताईने डोळे पुसले.

रविवारी दुपारी बाबा झोपले होते. दोघी त्यांची बॅग भरत होत्या. मी संगणक कायमचा बंद करून गुंडाळायला म्हणून त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. पण बंद करवेना. समोर तो फळा होता. कप, खिडकी, कान, सगळी माझ्याच हातची वेडीवाकडी चित्रं. मी माउसवर हात ठेवला आणि नुसता बघत बसलो. शेवटचं एकदा कुठलं तरी बटण दाबावं असं मनात होतं, पण कुठलं ते ठरत नव्हतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला कसलीही घाई नव्हती. बाबांनी निवडलं असतं तर काय निवडलं असतं, असा विचार करत बराच वेळ गेला. मग मी माउस हळूच खिडकीच्या चित्राकडे सरकवला.

बाण हलला नाही.

मी पुन्हा सरकवला. डावीकडे, उजवीकडे, टेबलाच्या कडेपर्यंत. बाण ढिम्म. सवयीने बोट खाली गेलं, टिक झालं, आणि बाण टुणकन उडाला.

मी हात काढून घेतला. थोडं थांबलो आणि न दाबता सरकवून बघितलं. बंद. दाबलं. चालू. थांबलो. बंद. नव्या कर्नलने वीज वाचवायची म्हणून त्या माउसला जरा निवांत दिसला की झोपवायचं ठरवलं होतं, आणि झोपलेला तो हलवून उठत नव्हता, बटण दाबलं तरच उठत होता. आता जगात माउस हातात घेतल्यावर आधी टिकटिक न करणारा माणूस कुठे आहे? मी करतो, बँकवाले काका करतात, प्राध्यापक, डॉक्टर, सगळे करतात. बंद दाराची कडी वाजवावी तशी आपण सगळे ती टिकटिक करतो, आणि म्हणून प्रत्येकाच्या हातात माउस चालला.

न करणारे एकटे माझे वडील. ते पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. अर्ध्या शहराच्या नळांचे नकाशे त्यांनी शाईच्या पेनाने काढले. रेघ मनात पुरी झाल्याशिवाय पेन कागदाला टेकवायचा नाही, हा त्यांचा नेम. लहानपणी माझ्या भूमितीच्या वहीतली खोडाखोड बघून ते एवढंच म्हणायचे, "आधी ठरव." माउसचंही त्यांचं तेच. हात ठेवायचा, बघायचं, ठरवायचं, सावकाश सरकवायचा, आणि जागेवर पोचल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. ते ठरवत असताना माउस झोपून जायचा. मी त्याला जागं करून द्यायचो, तर त्यांची बोटं बसवेपर्यंत पुन्हा डुलकी. आठवडाभर त्या माणसाने विनातक्रार माउस ढकलला, आणि आम्ही म्हणालो, दुवा तुटला.

मी मान खाली घालून पुन्हा त्या मंचावर गेलो. या वेळी 'माउस झोपतो' एवढंच शोधलं. ढीगभर माणसं त्याच दुखण्याने पिडलेली होती आणि इलाज संगणकाला द्यायच्या एका ओळीच्या आज्ञेचा होता. ती ओळ माझ्या बंद केलेल्या विषयाच्या शेजारीच पहिल्या दिवसापासून पडून होती. शोधायची सवय लावा म्हणणाऱ्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, पण मला त्यावेळी नाकाला मिरच्या झोंबण्यातून वेळ मिळाला नव्हता. ओळ घातली, संगणक पुन्हा चालू केला, माउस तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, परत आलो आणि न दाबता सरकवला. बाण चालला.

दोघींना काय झालं ते सांगितलं. ताईचा विश्वास बसेना. "अरे, पण डॉक्टर..." एवढंच ती दोनदा म्हणाली. बायको बॅगेची चेन लावत होती, ती अर्ध्यावरच राहिली.

बाबा उठल्यावर आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं. मी त्यांचा हात माउसवर ठेवला, मनगटाखाली रुमाल सारला आणि मागे झालो. बाबांनी फळ्याकडे बघितलं. ते ठरवत होते. इतका वेळ ठरवत होते की माझ्या मनात आलं, समजा, खरंच दुवा तुटला असेल तर? मग त्यांचा हात हलला आणि पडद्यावर बाण हलला.

बाबा थबकले. बाणाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. माझ्याकडे मात्र नाही.

बाण पेल्याकडे निघाला तसा मी पाणी आणायला अर्धा उठलो. पण तो पेल्यावरून पुढे गेला. कप, पंखा, न्हाणीघर मागे पडलं. 'दुखतंय'वर जरासा रेंगाळला असं मला वाटलं, तेही माझ्या मनाचे खेळ असतील. शेवटी तो कानाच्या चित्रावर जाऊन उभा राहिला. बाबांनी नेहमीसारखी खात्री करून घेतली आणि बोट दाबलं.

"ऐकतोय," माझा आवाज म्हणाला.

बाबांनी पुन्हा दाबलं. "ऐकतोय." पुन्हा दाबलं. "ऐकतोय." तोच सूचना वाचून दाखवणारा, कसलाही चढउतार नसलेला आवाज.

ताईने तोंडावर पदर घेतला आणि ती बाहेर गेली. फोनवर शुश्रूषागृहाच्या बाईंना 'गाडी पाठवू नका, नको, खाट नकोच' असं सांगताना तिचा आवाज फुटलेला इथवर ऐकू येत होता. बायको भिंतीकडे तोंड करून बॅगेतले सदरे एकेक काढून कपाटात लावायला लागली. ज्या भिंतीला ती रंग काढणार होती, तीच ती.

मी बाबांच्या शेजारी उभा होतो. नोकरीत मी माफीची पत्रं शेकड्याने लिहून घेतली आहेत, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं.

बाबांनी वेळ घेतला. बाण सावकाश निघाला. 'हो'पाशी आला, तिथून 'नाही'पाशी गेला, मग 'बस झालं' या बटणाच्या अगदी जवळ गेला, आणि तिथे तो थांबावा म्हणून मी देवाची मनोमन करुणा भाकली. पण तो वळला आणि परत कानाच्या चित्रावर जाऊन उभा राहिला.

"ऐकतोय," माझाच आवाज मला म्हणाला.

म्हणजे तेवढ्या एका वाक्यावर भागणार नव्हतं. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि बोलायला लागलो.